कुत्रं खाऊ घेत नाही: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

"ताई, घरी आणून आठ दिवस झाले, पण हा हातातून काही घेतच नाही."

माझ्याकडून कुत्रं दत्तक नेलेल्या माणसांचा हा फोन ठरलेला. अकरा वर्षं मी कोल्हापुरात रस्त्यावरची पिल्लं आणि कुणीतरी सोडून दिलेली मोठी कुत्री घरी आणते, बरी करते आणि चांगलं घर बघून देते. त्यामुळे ही तक्रार किती वेळा सोडवली याची मोजदाद नाही. फोन येईपर्यंत समोरच्याने एक गोष्ट हमखास करून बघितलेली असते. दुकानात जाऊन वेगळं पाकीट आणलेलं असतं. मग तिसरं. कपाटात पाच फोडलेली पाकिटं आणि कुत्रं जिथल्या तिथे.

पाकीट बदलून प्रश्न सुटतोही, पण थोड्यांचा. बाकीच्यांची अडचण पोटात असते, नाहीतर आपल्या हातात, नाहीतर जागेत, नाहीतर दातांत. म्हणून खाली मी ज्या क्रमाने तपासते तोच क्रम दिला आहे. आधी फुकटात आणि दोन मिनिटांत होणारं, शेवटी खर्चाचं आणि वेळखाऊ.

लक्षणं: तुमचं कुत्रं नेमकं काय करतं?

"खाऊ घेत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. दोन दिवस नुसतं बघा. बहुतेक कुत्री यातल्या कुठल्यातरी एका प्रकारात बसतात:

- घरात उड्या मारून घेतं, फाटकाबाहेर गेलं की त्याच खाऊकडे ढुंकून बघत नाही.
- मान लांब करून वास घेतं, पण अंग मागे ओढून धरतं आणि निघून जातं.
- तोंडात घेतं, एक-दोनदा चघळतं आणि जमिनीवर ठेवतं.
- घेतं, पण खात नाही. पलंगाखाली नेतं, कुंडीतल्या मातीत पुरतं.
- झडप घालून बोटांसकट ओढतं. याला लोक तक्रार मानत नाहीत, पण मी मानते. कारण पुढे येईल.
- कालपर्यंत घेत होतं, आज अचानक बंद. जेवणही अर्धंच.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि "इथे थांबा" हा भाग आधी वाचा.

पहिली तपासणी: पोट आणि घड्याळ

पैसे शून्य. शेवटचं जेवण किती वाजता झालं, आणि त्यानंतर घरातल्या कुणी काय काय दिलं, हे कागदावर लिहा. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. "मी काहीच देत नाही" असं सांगणारे आजोबा सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटं देत असतात, हे मी बऱ्याच घरांत बघितलं आहे.

आता हिशेब. नसबंदी झालेल्या १५ किलोच्या मोठ्या देशी कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. खाऊ त्याच्या १० टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे ८५ कॅलरी. एका मध्यम चपातीत १०० च्या आसपास कॅलरी असतात आणि एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात २० च्या आसपास. आजोबांची दोन बिस्किटं आणि दुपारची एक चपाती, की दिवसाचा खाऊ संपून वर ५५ कॅलरी झाल्या. मग संध्याकाळी तुम्ही शिकवायला बसता तेव्हा ते कशाला घेईल?

ज्या घरात ताटली दिवसभर भरून ठेवतात, तिथे तर हा प्रश्न असतोच. दोन वेळा जेवण द्या, पंधरा-वीस मिनिटांनी ताटली उचला आणि खाऊची वेळ जेवणाआधी तासभर ठेवा. चार दिवसांत फरक दिसतो. पण "भूक लागली की घेईल" म्हणून उपाशी मात्र ठेवू नका. रस्त्यावर उपाशी राहिलेलं कुत्रं घरातही उपाशी राहिलं, तर अन्नावरून गुरगुरायला शिकतं आणि ती सवय मोडायला महिने जातात. लहान पिल्लाची तर साखर उतरते.

इथे जातीचाही भाग आहे. शेजारचा लॅब्रेडॉर भिंतसुद्धा खाईल आणि आपलं देशी कुत्रं चिकनचा विचार करत बसतं, अशी तुलना लोक करतात. ती करू नका. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की जवळपास चौथा हिस्सा लॅब्रेडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. त्याच गटाने २०२४ साली सांगितलं की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते आणि त्यांचं शरीर विश्रांतीत कमी ऊर्जा वापरतं. त्या लॅब्रेडॉरची भूक त्याच्या रक्तातच आहे. तुमच्या कुत्र्याची नसेल, तर त्यात त्याचं काही बिघडलेलं नाही.

दुसरी तपासणी: पदार्थ

माणसाच्या जिभेवर ९,००० च्या आसपास रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर १,७०० च्या आसपास. कुत्रं खाऊ निवडतं ते नाकाने. म्हणून पाकिटावर काय लिहिलं आहे त्यापेक्षा वास येतो का, हे बघा. पावसाळ्यात फोडलेलं पाकीट आठवड्यात सादळतं, त्यातल्या चरबीला खवट वास येतो. आपल्याला तो जाणवतही नाही, पण कुत्रं एकदा हुंगतं आणि मान फिरवतं. तुमच्या कपाटातलं पाकीट कधी फोडलं होतं, आठवा.

मी तीन वाट्यांची चाचणी करते. एका वाटीत उकडलेल्या चिकनचे किंवा कलेजीचे तुकडे, दुसरीत उकडलेलं अंडं किंवा पनीर, तिसरीत तुम्ही रोज देता तो खाऊ. तिन्ही कोमट, फ्रीजमधून काढून लगेच नाही. गार मांसाला वास फारसा सुटत नाही. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. वाट्या एका हाताच्या अंतरावर ठेवा आणि स्वतः लांब जाऊन बसा. कुठल्या वाटीकडे आधी जातं, कुठे परत येतं, लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी वाट्यांच्या जागा बदलून पुन्हा करा, कारण काही कुत्री नुसतीच उजवीकडे वळतात.

शाकाहारी घरांत पनीर, उकडलेलं रताळं, गाजराचे तुकडे चालतात. सुकट बहुतेकांना प्रिय, पण ती खारट असते. तासभर पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन मगच द्या.

काय द्यायचं नाही हे इथेच सांगते, कारण "हे तरी खाईल" म्हणून लोक नेमकं तेच देतात. कांदा-लसूण नको, त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. आमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा झाला की रश्श्यातलं हाड कुत्र्याला जातं. त्या रश्श्यात कांदा-लसूण असतोच, आणि शिजलेलं हाड चुऱ्यासारखं न फुटता सुईसारखं फुटतं. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरासुद्धा नको. चॉकलेट नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ तर अजिबात नकोत, त्याने कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने खाली येते.

वाट्यांतलं काहीतरी आवडीने खाल्लं, पण तेच हातातून घेत नाही? मग पदार्थ निर्दोष आहे. पुढे चला.

तिसरी तपासणी: हात

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यासमोर कधी चटकन वाकून बघा. ते दचकून चार पावलं मागे जातं. वाकणारा माणूस दगड उचलतो, हे ते शिकलेलं असतं. आपण मात्र खाऊ देताना नेमकं तसंच वाकतो, हात वरून डोक्याकडे नेतो आणि डोळ्यांत डोळे घालून "घे, घे ना" म्हणतो. आपल्याला ते लाड वाटतात. त्याला समोरून येणारा हात दिसतो.

हे तपासायला एक संध्याकाळ पुरते. जमिनीवर बसा, कुत्र्याला आपली बाजू दिसेल असे तिरके. तुकडा चिमटीत धरू नका, उघड्या तळहातावर ठेवा आणि हात आपल्या मांडीजवळच राहू द्या. पुढे करू नका. त्याच्याकडे बघू नका. आलं नाही तर तुकडा त्याच्या बाजूला हलकेच घरंगळत सोडा. जमिनीवरचं खाल्लं आणि हातावरचं नाही, म्हणजे दोष हाताचा ठरला. मग रोज वीसेक तुकडे जमिनीवर, आणि प्रत्येक दिवशी वीतभर जवळ. बहुतेक कुत्री आठ-दहा दिवसांत तळहातापर्यंत येतात. काहींना महिना लागतो, आणि तो लागू द्यावा.

हाताचा वासही बघा. सॅनिटायझर, जंतुनाशक साबण, डास पळवायचं मलम, लिंबू. एकदा एक बाई मला रडवेल्या आवाजात म्हणाल्या की कुत्रं घरात सगळ्यांच्या हातचं खातं, फक्त त्यांच्या नाही. त्या दवाखान्यात नर्स होत्या. घरी आल्यावर साध्या पाण्याने हात धुऊन, थोडं चिकनचं पाणी तळव्याला लावून बघा म्हटलं. त्याच रात्री त्यांनी मला व्हिडिओ पाठवला. कुत्रं त्यांचा तळवा चाटत होतं आणि त्या हसत होत्या.

चौथी तपासणी: खाऊनंतर काय होतं?

ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा इथेच कारण सापडतं. तरी ती कुणी करत नाही.

चिंगी माझ्याकडे आली तेव्हा चार महिन्यांची होती, अंगभर खरूज. औषधी शाम्पूने आठवड्यातून दोनदा आंघोळ घालायची होती. मी काय करायचे, तर हातात चिकन घेऊन तिला बोलवायचे, ती आली की तुकडा द्यायचे आणि उचलून मोरीत न्यायचे. पहिल्या आठवड्यात ती धावत आली. दुसऱ्या आठवड्यात दारात थांबली. तिसऱ्या आठवड्यात मी चिकनचा डबा उघडला आणि त्या झाकणाच्या आवाजावर ती कपाटामागे गेली. तिथून तिचं नाक तेवढं बाहेर दिसत होतं. वास येत होता, लाळ गळत होती, पण बाहेर यायला तयार नव्हती. तिच्या लेखी चिकन म्हणजे आंघोळ झालं होतं.

पावलोवच्या कुत्र्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते: अन्न येण्याची चाहूल लागली की लाळ सुटते. हेच उलटंही होतं. अन्नामागून दर वेळी त्रास आला, की अन्नच त्रासाची चाहूल बनतं. नखं कापणं, कानात औषध, पिंजऱ्यात बंद करून ऑफिसला जाणं, खेळता खेळता पट्टा अडकवून घरी नेणं. या सगळ्याआधी आपण खाऊ दाखवतो. आणि गोळी खाऊत दडवणं तर घरोघरी चालतं. एकदा कडू लागली की पुढचे पंधरा दिवस प्रत्येक तुकड्याची झडती घेतली जाते.

चार दिवस डायरी ठेवा. दोनच रकाने: खाऊ दिला तेव्हा काय चाललं होतं, आणि त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय झालं. दुसऱ्या रकान्यात "काही नाही" हे उत्तर दहातल्या आठ वेळा तरी यायला हवं. येत नसेल तर कारण सापडलं.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. दहा दिवस खाऊ द्यायचा आणि त्यानंतर काहीही करायचं नाही. बोलवायचंही नाही. जाता जाता तुकडा टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. त्रासाच्या कामात क्रम उलटा करायचा: आधी मोरी, मग मोरीतच खाऊ. चिंगीला आंघोळीच्या वेळी मी मोरीच्या फरशीवर दही लावलेली ताटली ठेवायला लागले. पाणी अंगावर पडायच्या आधी नाही, पडत असताना. गोळीसाठी वेगळा पदार्थ ठरवा, जो एरवी खाऊ म्हणून देत नाही. तीन गोळे करा. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा गिळायच्या आत तिसरा रिकामा नाकासमोर. तिसऱ्याच्या घाईत दुसरा चावला जात नाही.

चिंगीला पुन्हा डब्याच्या आवाजावर धावत यायला पाच आठवडे लागले. त्या दिवशी मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले होते.

पाचवी तपासणी: जागा

घरात घेतं, बाहेर घेत नाही. हे लक्षण असेल तर बहुतेक वेळा कुत्रं घाबरलेलं किंवा फार उत्तेजित झालेलं असतं. दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी आईने पुढ्यात ठेवलेले पोहे घशाखाली उतरत नव्हते, आठवतं? तसंच. जीव धोक्यात आहे असं शरीराला वाटलं की रक्त पायांकडे वळतं, पचन थांबतं, तोंड कोरडं पडतं. त्या घटकेला जगातला सर्वांत चांगला खाऊही उपयोगाचा नाही. म्हणून रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत, भेळेच्या गाड्या आणि हॉर्नच्या मधोमध, नुकतंच घरी आलेलं कुत्रं नाकाला लावलेलं चिकनही घेत नाही, आणि मालक म्हणतो, "बघा, किती हट्टी आहे."

खाऊ हे इथे तापमापकासारखं वापरा. फाटकापाशी एक तुकडा द्या. घेतला? दहा पावलं पुढे, पुन्हा एक. जिथे पहिल्यांदा नाकारेल तिथून उलट फिरा आणि जिथे सहज घेत होतं तिथे या. ती तुमची आजची हद्द. पुढचे काही दिवस त्याच ठिकाणी उभं राहायचं, पट्टा सैल, त्याला हवं तेवढं हुंगू द्यायचं, मध्येच एखादा तुकडा. हद्द आपोआप पुढे सरकते. सोनी नावाच्या कुत्रीला मी फाटकापासून रंकाळ्याच्या कट्ट्यापर्यंत, म्हणजे जेमतेम पाचशे पावलं, दोन महिन्यांत नेलं. सकाळी साडेपाचला, जेव्हा तिथे फिरायला येणारी चार माणसंच असतात. आता ती कट्ट्यावर शेजारी बसून तुकडे घेते.

खाऊ नाकारण्याआधीची खूण म्हणजे ओढून घेणं. एरवी ओठांनी अलगद घेणारं कुत्रं अचानक बोटं चावत घ्यायला लागलं, की त्याचा ताण वाढतो आहे असं समजा आणि तिथूनच मागे फिरा. मात्र कुठेही, कधीही झडपच घालत असेल तर ती सवय असू शकते, विशेषतः भावंडांशी भांडून खायची वेळ आलेल्या पिल्लांना. त्यांना तळहातावर द्या आणि मूठ बंद ठेवून, चाटायला लागल्यावरच उघडा.

दिवाळीत आणि लग्नाच्या वरातीत खाऊ घेत नसेल तर शिकवणं सोडून द्या. खोली बंद करा, पंखा मोठा करा, शेजारी बसा.

आणि काही कुत्र्यांना बाहेर खाऊ नकोच असतो. पश्मी किंवा कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळणाऱ्यांना हे माहीत आहे. डोळ्यांनी शिकार शोधणारं कुत्रं रानात आलं की त्याचं लक्ष क्षितिजावर असतं. तिथे बक्षीस म्हणून चार पावलं धावू द्या, एखादं झुडूप मनसोक्त हुंगू द्या. माझ्या मते तेही खाऊच आहे.

सहावी तपासणी: घरातले इतर

घेऊन जातं आणि लपवतं, याचं कारण एकतर पोट भरलेलं असतं किंवा आजूबाजूला कुणीतरी असतं. दुसरं कुत्रं, मांजर, रांगणारं मूल. एका खोलीत दार लावून एकट्याला द्या. तिथेच बसून खाल्लं तर उत्तर मिळालं. लपवलेला तुकडा काढून घ्यायला जाऊ नका. तोंडातला तर कधीच नाही. हवाच असेल तर त्याहून चांगला तुकडा दोन हात लांब टाका आणि ते तिकडे गेल्यावर उचला. गुरगुरलं तर ओरडू नका, गुरगुरणं ही चावण्याआधीची सूचना असते आणि ती बंद पाडली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावतं.

सातवी तपासणी: तोंड

इथून पुढे सावकाश. आधी एक इशारा. कुत्र्याच्या तोंडातून अचानक लाळेच्या तारा लोंबायला लागल्या असतील, जबडा लुळा पडला असेल, आवाज बदलला असेल, पाणीही गिळता येत नसेल, किंवा शांत कुत्रं एकाएकी अंगावर यायला लागलं असेल, तर "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकतो, आणि लक्षणं दिसायला लागल्यावर त्यातून जवळपास कुणीच वाचत नाही. मुलांना लांब करा, कुत्र्याला एका जागी बंद करा, पशुवैद्यांना फोन करा. लाळ जखमेला, डोळ्यांना किंवा ओठांना लागली असेल तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. जखम साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लशीचं विचारा. लसीकरण झालेलं कुत्रं असलं तरी.

यातलं काही नसेल आणि कुत्रं तुम्हाला तोंडाला हात लावू देत असेल, तर उजेडात ओठ वर उचलून बघा. जबडा उघडायची गरज नाही. हिरडी गुलाबी हवी. दातांच्या मुळाशी तपकिरी थर, लाल सुजलेली कड, कुजका वास, एका बाजूने चावणं, कडक खाऊ टाकून मऊ खाणं, पंजाने तोंड खाजवणं: यातलं काहीही म्हणजे दुखतं आहे. सतत पंजा मारत असेल तर वरच्या दाढांच्या मध्ये टाळूला आडवा हाडाचा किंवा काठीचा तुकडा बसलेला असू शकतो. तो दिसला तरी स्वतः उपटू नका. भूल देऊन काढायला दहा मिनिटं लागतात, घरी ओढताना टाळू फाटते.

चार ते सात महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात. २८ दुधाचे पडून ४२ कायमचे येतात. त्या दिवसांत कडक खाऊ ओला करून द्या, एवढंच.

इथे थांबा

बाळ्या दोन वर्षांचा होता. एका शनिवारी त्याने सुकट नाकारली, जी तो कधीच नाकारत नसे. उन्हाळा होता, म्हटलं गरमीने असेल. रविवारी पनीर दिलं, मग अंडं, मग कलेजी. त्याने प्रत्येक वाटीला नाक लावलं आणि माझ्याकडे बघून शेपटी हलवली. मी नखरे समजले. सोमवारी सकाळी त्याची हिरडी पाहिली तर पांढरी फटक. गोचीड ताप होता, प्लेटलेट पार खाली. उपचारांनी वाचला, पण मी वाया घालवलेले ते दोन दिवस मला अजून टोचतात. आपल्याकडे गोचीड बारा महिने असतात. आवडीचा खाऊ अचानक नाकारणं हे गोचीड तापाचं कित्येकदा पहिलंच लक्षण असतं. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून "अंग गरम आहे" यावर विसंबू नका. मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात लावून मोजा, आणि तो फक्त कुत्र्यासाठीच ठेवा.

खालीलपैकी काही दिसलं तर वाट्या, डायरी सगळं बाजूला ठेवा.

ताबडतोब, रात्र असली तरी: पोट फुगून टणक झालं आहे आणि ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही. हिरडी पांढरी, निळसर किंवा पिवळी. नाकातून रक्त. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब. श्वास घ्यायला त्रास. विषारी काही खाल्ल्याची शंका.

त्याच दिवशी: सहा महिन्यांखालच्या पिल्लाने अर्धा दिवस जेवण सोडलं. नसबंदी न झालेली कुत्री, माज संपून महिना-दोन महिने झालेत, पाणी खूप पिते आणि खात नाही. तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ताप १०३ च्या वर.

चोवीस तासांत: मोठ्या कुत्र्याने जेवण आणि खाऊ दोन्ही सोडलं, किंवा खातं पण गळून गेल्यासारखं पडून आहे. लस टोचल्यावर एखादा दिवस मंदावणं किंवा शेजारची कुत्री माजावर आल्याने नराने जेवण टाकणं होऊ शकतं. तरी चोवीस तासांची मर्यादा त्यालाही लावा.

माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी मधल्या वेळात देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनने कुत्री दगावू शकतात.

डॉक्टरांनी तब्येत ठीक आहे सांगितलं, पहिल्या सहा तपासण्या महिनाभर मनापासून केल्या, तरी कुत्रं घराबाहेर काहीच घेत नाही, सतत थरथरतं, किंवा खाऊवरून चावण्यापर्यंत गेलं, तर कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करणारा माणूस शोधा. पहिल्या भेटीत त्याला एकच विचारा: "चुकलं तर तुम्ही काय करता?" गळ्याला झटका, मार किंवा काट्यांचा पट्टा असं उत्तर आलं तर आभार मानून परत या. घाबरलेल्या कुत्र्याला मारणारा माणूस नको.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: खाऊ कधीपासून बंद, जेवण किती, पाणी किती, शी-शू कशी, उलटी किती वेळा, तापमान आणि मोजल्याची वेळ, गोचीड सापडले का, शेवटची लस आणि जंताचं औषध कधी दिलं, कुत्रीच्या बाबतीत शेवटचा माज कधी, आणि गेल्या तीन दिवसांत तिने किंवा त्याने खाल्लेली प्रत्येक गोष्ट. आजोबांच्या बिस्किटांसकट.